स्वभावाचा शिक्का मारण्यापूर्वी

हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव रंगात आलेला असताना एखाद्या पर्यटकाने भाव विचारला आणि विक्रेतीने मान वर न करता तुटक उत्तर दिले, तर ‘बाई उद्धट आहे’ असे ठरवून तो मोकळा होतो. परिस्थितीकडे काणाडोळा करून वागण्याचे कारण थेट स्वभावात शोधण्याच्या या सवयीला मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये मूलभूत आरोपणदोष म्हटले. जोन मिलर यांच्या १९८४ च्या अभ्यासात म्हैसूरच्या प्रौढांनी लोकांच्या वागण्यामागे अमेरिकी प्रौढांपेक्षा परिस्थितीतली कारणे अधिक दिली होती. तेव्हा ही दृष्टी आपल्याला परकी नाही, फक्त पर्यटनाला निघताना ती आपण घरी ठेवतो, असे मला वाटते.

हा दोष टाळण्यासाठी हॅरोल्ड केली यांच्या १९६७ च्या मांडणीतील तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. त्या वेळी इतर विक्रेत्याही तशाच बोलत होत्या का, हा पहिला. लेस्ली मॅकआर्थर यांच्या १९७२ च्या प्रयोगात लोकांनी नेमक्या याच माहितीला सर्वांत कमी वजन दिले होते, म्हणून तो मुद्दाम आधी विचारावा. लिलाव आटोपल्यावर, ओळखीच्या गिऱ्हाइकाशीही ती तशीच बोलते का, हा दुसरा. आणि दुसऱ्या दिवशी त्याच गर्दीत पुन्हा तसेच घडते का, हा तिसरा.

लिलावाच्या घाईत सगळ्याच तुटक बोलत असतील आणि एरवी मोकळेपणाने बोलत असतील, तर कारण त्या घाईत आहे. एकटी तीच, सर्वांशी आणि रोज तशी वागत असेल, तर स्वभावाकडे बोट दाखवायला हरकत नाही. एकदाच घडले असेल, तर विषय सोडून द्यावा. मात्र बंदरावरच्या सगळ्याजणी इतरांशी नीट आणि तुमच्याशीच तुटक बोलत असतील, तर न विचारता त्यांच्या तोंडासमोर मोबाइल धरला होता का, हे आठवून पाहावे.

तारकर्लीच्या घरगुती निवासात यजमानांनी गोड बोलून सोलकढी पुढे केली, म्हणून त्यांचा हिशेबही चोख असेलच असे मानणे हीसुद्धा घाईच. एका गुणावरून बाकीचे गुण गृहीत धरण्याची ही प्रवृत्ती एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच नोंदवली होती.

एका दिवसाच्या पाहुण्याला दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा मिळत नाही. अशा वेळी परतल्यावर अनुभव सांगताना ‘भाव विचारला, उत्तर तुटक मिळाले, लिलाव चालू होता’ एवढेच सांगावे. विशेषण लावू नये.