जुनी लष्करी दुर्बीण झिरो कशी करावी: आधी माउंट, मग ड्रम

झिरो करणे म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी रायफलवरची दुर्बीण बसवणे. आजच्या बाजारातल्या बहुतेक स्कोपचा ड्रम, म्हणजे नेम सरकवायची गोल कळ, कितीही फिरवा, रेटिकल (आतली नेमाची खूण) डोळ्यासमोर मध्यभागीच दिसते. जुन्या लष्करी दुर्बिणीत ते खरोखरच सरकते. ब्रिटिश ‘नंबर ३२’ घ्या किंवा रशियन ‘पीयू’. ड्रम फिरवला की नेमाचा काळा खांब दृश्याच्या एका कडेला जाऊन बसतो. तिरक्या बसलेल्या माउंटची (दुर्बीण रायफलवर धरणाऱ्या बैठकीची) भरपाई ड्रमने करायला गेलात तर खांब कोपऱ्यात अडकतो आणि पुढे फिरवायला ड्रममध्ये जागाच उरत नाही. म्हणून मोठी दुरुस्ती माउंटमध्ये करायची आणि ड्रम फक्त शेवटच्या चार बोटांच्या फरकासाठी राखून ठेवायचा. पुढचे सगळे याच हिशेबाने लिहिले आहे.

कागदपत्रांचे आधी उरकून घेऊ. .३०३ हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (नळीचे माप) आहे, त्यामुळे नंबर ३२ ची मूळ जोडीदार रायफल सामान्य परवान्यावर मिळत नाही. हौशी माणसाकडे बहुधा .२२ असते, नाहीतर .३१५ स्पोर्टिंग रायफल, जिची यंत्रणा ली-एनफील्डच्याच घराण्यातली आहे. तिच्यावर बेस, म्हणजे माउंटचा खालचा भाग, बसवण्यासाठी छिद्रे पाडायची असतील तर ते काम परवानाधारक बंदूक-कारागिराचेच. गोळीबार अधिकृत रेंजवरच करायचा. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात शेतकऱ्यांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावर बंदुका असतात, पण म्हणून काजूच्या बागायतीत पुठ्ठा टांगून झिरो करायची मुभा कुणालाच मिळत नाही. आणि स्प्रिंगच्या एअर रायफलवर ही दुर्बीण चढवू नका. त्या रायफलचा धक्का मागे आणि पुढे असा दोन्ही बाजूंनी बसतो आणि जुन्या रेटिकलची तार तुटते.

आता दुर्बीण तपासा. आपल्या हवेत हिचा पहिला शत्रू म्हणजे बुरशी. जुन्या दुर्बिणींच्या नळ्यांमध्ये नायट्रोजन भरलेला नसतो, त्यामुळे पावसाळ्यातली दमट हवा हळूहळू आत शिरते. पुढच्या काचेकडून उजेडाकडे बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर ती बुरशी. थोडी असेल तर नेमाला फारसा फरक पडत नाही, चित्र फक्त धुरकट दिसते. काचा स्वतः उघडू नका. एकदा हललेली काच पुन्हा जागेवर बसवणे घरच्या टेबलावर जमत नाही. मग दोन्ही ड्रम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवा. मध्येच अडकत असेल तर जोर लावू नका, आतले ग्रीस सुकलेले असते.

माउंट बसवण्यापूर्वी बेसचे आणि स्क्रूंचे तेल ॲसिटोनने पुसून काढा. दुर्बिणीभोवतीच्या रिंगांचे स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. दुर्बीण डोळ्यापासून किती अंतरावर ठेवायची हे गाल दस्त्यावर टेकवून ठरवा. पीयूला डोळा काचेपासून सुमारे सात सेंटिमीटरवर लागतो, आणि एवढ्या जवळ .३१५ च्या धक्क्याने भुवई फुटू शकते. खांब उभा आहे ना हे ओळंबा टांगून पाहा. स्क्रू पक्के करणारा डिंक मात्र सगळे संपल्यावरच लावायचा.

रेंजवर सकाळी लवकर जा. ऊन चढले की जांभ्याच्या सड्यावरून हवा थरथरायला लागते आणि टार्गेटची काळी चकती तरंगते, दुपारकडे समुद्रावरचा वाराही सुरू होतो.

पहिले काम गोळीविना होते. ड्रम मधोमध आणा: एक टोक गाठा, दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजा, निम्मे परत या. रायफल वाळूच्या पिशव्यांवर घट्ट बसवा, बोल्ट (मागची सरकती खिटी) काढा आणि रायफलच्या नळीतून २५ मीटरवरची चकती नळीच्या मध्यावर धरा. आता रायफलला धक्का न लावता दुर्बिणीतून बघा. खांबाचे टोक चकतीच्या आसपास नसेल तर दुरुस्ती माउंटमध्ये करा. रशियन पीयूच्या माउंटला मागे वर-खाली असे दोन स्क्रू असतात; एक सैल करून दुसरा आवळला की अख्खी दुर्बीण उंचीत कलते. ज्या माउंटला अशी सोय नाही, तिथे पत्र्याची पट्टी सरकवावी लागते. रिंगांमध्ये १० सेंटिमीटर अंतर असेल तर मागच्या रिंगखाली ०.१ मिलिमीटरची पट्टी घातल्यावर १०० मीटरवर गोळी साधारण १० सेंटिमीटर वर लागते. थंड पेयाच्या डब्याचा पत्रा जवळपास याच जाडीचा असतो. नियम सोपा आहे: गोळी जिकडे न्यायची, दुर्बिणीचे मागचे टोक तिकडे सरकवा.

गोळ्या २५ मीटरवरून सुरू करा. इथे चित्र थोडे अस्पष्ट दिसेल, कारण या दुर्बिणी लांबच्या अंतरासाठी बसवलेल्या असतात. त्याच कारणाने डोळा जरा इकडे-तिकडे झाला तरी खांब चकतीवरून सरकल्यासारखा वाटतो. गाल दर वेळी त्याच जागी टेकवा. दुर्बीण नळीच्या वर पाचेक सेंटिमीटर असेल तर .३१५ ची गोळी इथे नेमापेक्षा एक-दोन सेंटिमीटर खाली लागायला हवी, म्हणजे १०० मीटरवर ती नेमाच्या जवळपास येते. अगदी मध्यावर बसवायचा हट्ट इथे धरू नका.

काडतुसे महाग, आणि परवान्यावर त्यांची मर्यादाही लिहिलेली असते. म्हणून पुढची युक्ती शिकून घ्याच. एकाच नेमावर तीन गोळ्यांचा ग्रुप मारा, बोल्ट उघडा, रायफल रिकामी असल्याची खात्री करा. मग खांब पुन्हा चकतीच्या मध्यावर आणून रायफल पिशव्यांत पक्की धरा आणि जोडीदाराला ड्रम हळू फिरवायला सांगा. खांबाचे टोक चकतीवरून निघून ग्रुपच्या मध्यावर, वर सांगितलेला एक-दोन सेंटिमीटरचा फरक ठेवून थोडे वर, पोहोचले की थांबा. एवढ्याने झिरो होते. बाण कुठल्या दिशेला, क्लिक (ड्रमचे टिकटिक टप्पे) किती, हे सगळे विसरून चालते. एकच अट: या वेळात रायफल केसभरही हलता कामा नये.

१०० मीटरवर भोके दुर्बिणीतून दिसत नाहीत, तिथे हिशेब करावा लागतो. एक मिनिटाचा कोन (अंशाचा साठावा भाग) या अंतरावर २.९ सेंटिमीटर. ग्रुप १२ सेंटिमीटर खाली आणि ६ सेंटिमीटर उजवीकडे असेल तर चार मिनिटे वर आणि दोन मिनिटे डावीकडे. नंबर ३२ च्या मार्क ३ मध्ये दोन्ही ड्रमचा क्लिक एक मिनिटाचा आहे. मार्क १ मध्ये आडवा क्लिक दोन मिनिटांचा आणि उंचीचा थेट ५० यार्डांचा. तिथे बारकाईची अपेक्षा ठेवू नका. पीयूला क्लिकच नाहीत, आडव्या ड्रमचा एक भाग १०० मीटरवर १० सेंटिमीटर. जुन्या स्क्रूला ढिलाई असते, म्हणून हव्या आकड्याच्या थोडे पुढे जाऊन नेहमी एकाच बाजूने परत या, बोटाने ड्रमवर टिचकी मारा आणि पहिली गोळी हिशेबात धरू नका. नळी हाताला गरम लागली की थांबायचे. गोळी उडाली नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट वाट बघा, मगच बोल्ट उघडा.

झिरो पक्का झाला की ड्रमवरची आकड्यांची पट्टी सैल करून शून्यावर आणायची. पण उंचीच्या ड्रमवरचे अंतराचे आकडे तुमच्या कामाचे नाहीत. नंबर ३२ चे आकडे .३०३ मार्क ७ गोळीसाठी, तेही यार्डांत कोरलेले आहेत, पीयूचे रशियन ७.६२ साठी. .३१५ ची गोळी जड आणि हळू, .२२ ची त्याहून हळू. प्रत्येक अंतराला स्वतः गोळ्या मारून ड्रम कुठे आला ते कागदावर लिहा आणि तो कागद दस्त्याला चिकटवा.

घरी आल्यावर दुर्बीण चामड्याच्या पेटीत ठेवू नका. चामडे ओल धरते आणि बुरशी तिथूनच काचेवर येते. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. दाणे निळे असतील तर ओल धरून गुलाबी झाल्यावर तव्यावर मंद आचेवर तापवा, पुन्हा निळे होतात.