ग्रॅनाइट पूर्ण गोठण्याआधीच दाबला गेला होता का, हे कसे ओळखावे

कर्नाटकातील रामनगरचे जुने नाव क्लोजपेट. याच नावाने ओळखला जाणारा, सुमारे २५० कोटी वर्षे वयाचा ग्रॅनाइट उत्तर-दक्षिण अशा सुमारे ४०० किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात पसरला आहे. तो स्फटिक आणि उरलेला शिलारस (वितळलेला खडक) यांच्या घट्ट लगद्याच्या अवस्थेत असतानाच भूकवचाच्या हालचालीत सापडला. अशा खडकातील खुणा पुढील क्रमाने वाचाव्यात.

प्रथम शेवाळ नसलेला सपाट भाग निवडून त्यावर पाणी ओतावे, कारण ओल्या खडकात फेल्डस्पार या गुलाबी किंवा पांढरट खनिजाच्या कडा उठून दिसतात. मग फेल्डस्पारच्या तीस-चाळीस मोठ्या, आयताकृती स्फटिकांच्या दिशा होकायंत्राने मोजून नोंदवाव्यात. मात्र दिशा जुळल्या एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. गोठून घट्ट झालेला ग्रॅनाइट नंतर दाबला गेला, तरीही स्फटिक एका दिशेने लागतात.

आता दहापट भिंगातून पाहावे. स्फटिकांच्या कडा सरळ व कोपरे शाबूत असतील आणि ते छपरावरील कौलांसारखे एकमेकांवर रेलले असतील, तर ते रसात फिरता फिरता एकमेकांना अडले, असे समजावे. याउलट क्वार्ट्झच्या (गारगोटीच्या) लांबट फिती झालेल्या, फेल्डस्पारच्या कडा बारीक दाण्यांत चुरडलेल्या आणि अभ्रक त्याभोवती डोळ्याच्या पापण्यांसारखा वळलेला दिसला, तर ते दाबकाम घन अवस्थेतले.

सर्वांत भरवशाची खूण म्हणजे तडकलेला फेल्डस्पार, आणि तिच्यासाठी हवा तेवढा वेळ द्यावा. रस थोडाच उरला की स्फटिकांना फिरायला जागा राहत नाही. ते एकमेकांवर दाबले जाऊन तडकतात आणि भोवतीचा उरलासुरला रस त्या फटीत ओढला जाऊन तिथेच गोठतो. म्हणून फटीतील क्वार्ट्झ-फेल्डस्पार बाहेरच्या दाण्यांशी सलग आहे का, हे फटीच्या तोंडाशी तपासावे. सलग असेल, तर तडा गेला तेव्हा रस शिल्लक होता. फटीत क्लोराइट किंवा एपिडोट ही हिरवट खनिजे असतील, तर ती भर खडक बराच थंड झाल्यानंतरची समजावी.

नजर बसण्यासाठी स्वयंपाकघराच्या ओट्यावरचा मोठ्या दाण्यांचा, पॉलिश केलेला गुलाबी ग्रॅनाइटही उपयोगी पडतो.

एकाच खडकात दोन्ही प्रकारच्या खुणा आढळल्यास गोंधळू नये, कारण खडक थंड होत असताना हालचाल चालू राहू शकते. अशा वेळी कोणती खूण कोणत्या खुणेला छेदते, याचे चित्र उत्तर दिशेसह वहीत काढून ठेवावे.