कुटुंबासाठी कॅनव्हासचा तंबू निवडताना: तणाव्यांसकट मोजा

गेल्या खेपेस आम्ही पाच मीटर व्यासाचा गोल तंबू घेतला, घरी जमिनीवर त्याचे वर्तुळ आखून गाद्यांची मांडणी ठरवली, दार कोणत्या दिशेला ठेवायचे यावर वादही घातला आणि सहा मीटर लांब व सहा मीटर रुंद अशी जागा राखून ठेवली. पाचाचा तंबू सहाच्या चौकोनात बसणारच, असा हिशेब होता. तंबू बसला, तणावे, म्हणजे त्याला बाहेरून ताणून धरणारे दोर, बसले नाहीत. म्हणून ही यादी त्या एका चुकीभोवती फिरते, आणि ज्यांना तंबूचे तणावे किती लांबवर जातात हे ठाऊक आहे त्यांनी मधला भाग खुशाल गाळावा.

सुरुवात माणसे मोजण्यापासून करावी. निर्माता ‘आठ जणांचा’ म्हणतो तेव्हा तो आठ माणसे खांद्याला खांदा लावून, सामान बाहेर ठेवून झोपली आहेत असे धरतो. हा आकडा निम्मा करावा आणि पुढे त्याचा विचार करू नये. कागदावरचे क्षेत्रफळही तितकेच फसवे असते. पाच मीटर व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे 19.6 चौरस मीटर भरते, चार मीटरच्या वर्तुळाचे सुमारे 12.6, परंतु एकखांबी तंबूचे छप्पर मध्यापासून कडेकडे उतरत जाते. मध्ये उंची तीन मीटर आणि कडेची कनात साठ सेंटिमीटर असेल, तर 1.8 मीटर उंचीचा माणूस मधल्या सुमारे अडीच मीटर व्यासाच्या वर्तुळातच ताठ उभा राहू शकतो. म्हणजे उभे राहण्याजोगी जागा एकूण जागेच्या जेमतेम चौथा हिस्सा. उरलेल्या तीन हिश्शांत झोपायचे, बसायचे आणि सामान ठेवायचे. ज्यांना वाकून कपडे बदलणे जमत नाही, त्यांनी उंच आणि उभ्या कनातींचा चौकोनी तंबू पाहावा. त्यात खाट थेट कडेला लावता येते, मात्र खांब अधिक असतात, उभारणीला वेळ लागतो आणि वाऱ्याला सपाट अंग मिळते.

मांडणी कागदावर करू नये, जमिनीवर करावी. मध्ये खिळा किंवा जड वस्तू ठेवून तिला त्रिज्येएवढी दोरी बांधावी, दुसऱ्या टोकाला खडू धरून वर्तुळ काढावे आणि त्यात प्रत्यक्ष गाद्या टाकाव्यात. दोन मोठी माणसे आणि दोन मुले यांच्या गाद्या शेजारी शेजारी लावल्या, की सुमारे 2.8 मीटर रुंद आणि दोन मीटर लांब असा आयत होतो. पाच मीटरच्या वर्तुळात हा आयत खांबाच्या मागे बरोबर मावतो आणि पुढचा अर्धा भाग चपला, पिशव्या व ओल्या कपड्यांसाठी मोकळा राहतो. चार मीटरच्या वर्तुळात तो खांबामागे मावतच नाही; तिथे गाद्या खांबाभोवती कोनात लावाव्या लागतात आणि रात्री उठणाऱ्याला कोणाच्या तरी अंगावरून जावे लागते. आता पाच मीटरच्या वर्तुळातल्या आयताचे मागचे कोपरे नीट पाहा: ते कडेपासून जेमतेम सहा सेंटिमीटरवर येतात. ही सहा सेंटिमीटरे तणावे पुरेसे ताणलेले असतील तोपर्यंतच राहतात.

तर तणावे. गोल तंबूची कनात स्वतःच्या बळावर उभी राहत नाही. चहूबाजूंचे तणावे तिला बाहेर ओढून धरतात. मेखा कडेपासून साधारण दीड ते दोन मीटर दूर ठोकाव्या लागतात, म्हणजे पाच मीटरच्या तंबूला प्रत्यक्षात आठ ते नऊ मीटर जागा लागते. सहा नव्हे. आम्ही सहाच्या चौकोनात दोन बाजूंच्या मेखा कडेलगत ठोकल्या. जवळ ठोकलेल्या मेखेचा तणावा कापडाला बाहेर न ओढता खाली ओढतो. त्यामुळे कनात आत कलली आणि मागच्या गाद्यांचे कोपरे तिला टेकले. रात्री पाऊस आला. ओल्या सुती कापडाला आतून काही टेकले, की तिथून पाणी झिरपू लागते. पहाटे मोठ्या मुलाने ‘माझी उशी ओली आहे’ म्हणून उठवले, तेव्हा गादीचा कोपरा पिळून काढता आला असता. गाद्या पुढे सरकवायला खांब आड येत होता.

म्हणून जागा ठरवताना तंबूच्या व्यासात किमान तीन, शक्यतो चार मीटर मिळवावेत, आणि जागेच्या मालकाला ‘तंबू केवढा’ हे न सांगता ‘तणाव्यांसकट केवढा’ हे सांगावे. दोन तंबू शेजारी लावायचे असतील तर तणाव्यांसकट. झाडे टाळायची असतील तर तणाव्यांसकट. चौकोनी तंबूलाही तणावे असतात. तो सरळ दिसतो म्हणून फसू नये. ज्यांना सहा मीटरचा तंबू घेण्याचा मोह होतो, त्यांनी आधी नऊ ते दहा मीटर सपाट जमीन मिळते का ते पाहावे. घरी वर्तुळ आखताना बाहेर दुसरे, मोठे वर्तुळही आखावे. खोलीत मावत नसेल तर अंगणात जावे, परंतु ते आखल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

कापडाविषयी थोडक्यात: चौरस मीटरला 285 ते 360 ग्रॅम वजनाचा कॅनव्हास बहुधा मिळतो, आणि पाच मीटरचा तंबू खांब-मेखांसकट तीस-चाळीस किलोंच्या घरात जातो. गाडीत जागा आहे का आणि उचलणारी दोन माणसे आहेत का, हे पाहावे. नवा सुती तंबू प्रवासाआधी एकदा उभारून, भिजवून, पूर्ण वाळू द्यावा. धागे फुगून शिवणीची भोके बुजतात. हीच उभारणी तणाव्यांसकट करावी.

दार वाऱ्याकडे नको. जमीन उताराची नको. पाणी साचते तो खोलगट भाग तर नकोच. आत कोळशाची शेगडी पेटवू नये, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. चूल ठेवायचीच असेल तर धुराड्याचे भोक असलेला तंबू घ्यावा आणि गाद्यांची मांडणी चुलीपासून दूर, नव्याने आखावी.

मेखा, मोगरी, जादा दोर, विजेरी. ओला तंबू गुंडाळून आणला तर एक-दोन दिवसांच्या आत उलगडून वाळवावा, नाहीतर बुरशी धरते. तणावे मोजून वेगळ्या पिशवीत ठेवावेत आणि त्या पिशवीवर ‘कडेपासून दोन मीटर’ असे लिहावे.