सहावी ते आठवीला शिकवताना या चुका टाळा

चौथीत ‘बाई, मी सांगू? मी सांगू?’ म्हणत बाकावरून अर्धी उठणारी मुलं सातवीत हात वर करेनाशी होतात. उत्तर येत नसतं असं नाही. चुकलं तर वर्ग हसेल आणि बरोबर आलं तर ‘आला मोठा हुशार’ म्हणून चिडवतील, दोन्हीकडून पंचाईत. या वयात शिक्षकांपेक्षा शेजारच्या बाकाचं मत जड असतं. ते लक्षात न घेता शिकवलं की पुढच्या चुका होतात.

‘समजलं का?’ विचारणं

साठ मुलं एका सुरात ‘हो’ म्हणतात आणि आपण पुढे सरकतो. त्यापेक्षा फळ्यावर एकच छोटं उदाहरण द्या. उत्तर वहीच्या शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहायला सांगा आणि ‘तीन’ म्हटल्यावर सगळ्यांना एकदम वह्या वर धरायला लावा. पाटी असेल तर आणखी बरं. पहिल्या दिवशी मुलं पाटीला हसतात, मग सवय होते. एकदम धरणं महत्त्वाचं, नाहीतर सगळे हुशार मुलाची वही बघून उत्तर बदलतात. पंधराएक उत्तरं चुकली तर दुसरं उदाहरण घेऊन पुन्हा शिकवा. पाच-सहाच चुकली तर ती मुलं लक्षात ठेवा आणि बाकीचे गणितं सोडवत असताना त्यांच्या बाकाशी जा.

आधी नाव, मग प्रश्न

नाव घेतलं की उरलेला वर्ग सुटला. क्रम उलटा हवा: प्रश्न, शांतता, मग नाव. अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात वर्गांतली संभाषणं तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि गप्प मुलंही बोलू लागली. मनात सावकाश पाच आकडे मोजा, तेवढं पुरतं. उत्तर आलं नाही तर ताटकळत उभं ठेवू नका. ‘शेजाऱ्याशी बोल, मी परत विचारतो’ म्हणा, आणि दोन मिनिटांत खरंच परत विचारा.

सगळ्या चुकांना एकच लाल फुली

−3 − 5 हे गणित घ्या. सहावीत ज्याने −8 लिहिलं होतं, तोच सातवीत 8 लिहितो. मधल्या काळात पूर्णांकांचा गुणाकार शिकून झालेला असतो आणि ‘वजा वजा अधिक’ ही घोषणा डोक्यात बसलेली असते. दुसरा कोणी −2 लिहितो. त्याने भिन्न चिन्हांचा नियम, म्हणजे वजाबाकी करून मोठ्या संख्येचं चिन्ह द्यायचा, इथे लावलेला असतो. दोघांच्या वहीत फुली सारखीच पडते, दुखणं मात्र वेगळं.

पहिल्यासाठी −3 − 5 आणि (−3) × (−5) फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि फरक त्यालाच शोधू द्या. घोषणा तर बंदच करा. ‘ऋण गुणिले ऋण बरोबर धन’ असं पूर्ण म्हणवून घ्या. दुसऱ्याला दुकानातली उधारी चटकन कळते: 3 रुपये उधार होते, आणखी 5 उधार घेतले, मग देणं वाढलं की घटलं?

साठ वह्या रोज बारकाईने तपासणं कोणालाच जमत नाही. दहा वह्या घ्या आणि चुकीच्या प्रकारानुसार त्यांचे गठ्ठे करा. दुसऱ्या दिवशी त्यातलं एक उत्तर नाव न सांगता आपल्या अक्षरात फळ्यावर लिहा आणि विचारा, ‘हे कसं आलं असेल?’ एरवी तोंड न उघडणारी मुलंही या हेरगिरीत बोलतात, कारण चूक कोणाची तरी दुसऱ्याचीच असते.

सात-आठ जणांचा गट

दोघं काम करतात, उरलेले मधल्या सुट्टीची तयारी. गट चौघांचाच ठेवा. बाक हलवायची गरज नाही, एकाआड एक रांगेने मागे वळायचं. एक कागद, एकच पेन, सात मिनिटं. उत्तर कोण सांगणार ते वेळ संपल्यावर तुम्ही ठरवा, म्हणजे चौघांनाही ते यावं लागतं.

सर्वांदेखत झापणं

अख्ख्या वर्गासमोर बोललात की त्याला पत राखायला उलट बोलावंच लागतं. बाकाजवळ जा, हळू आवाजात काय करायचं तेवढं सांगा आणि पुढे चला. तिथे उभं राहून वाट पाहिलीत की पुन्हा सामना सुरू. शिक्षण हक्क कायदा 2009च्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षेसोबत मानसिक छळालाही बंदी आहे. टोमणेही त्यापासून फार लांब नाहीत.

आवाज फुटत असलेल्या मुलाला कविता मोठ्याने वाचायचा आग्रह नको. मुलीने बाहेर जायला परवानगी मागितली तर कारण विचारू नका. दाराशी एक पास टांगून ठेवला, तर उठून विचारायचीही वेळ येत नाही.

खेळाच्या तासानंतर वर्ग थाऱ्यावर येत नसेल, तर ‘शांत बसा’ ओरडण्यात दहा मिनिटं जातात. आत येण्याआधीच फळ्यावर कालच्या धड्यावरची तीन सोपी गणितं लिहून ठेवा. घामेजलेली मुलं कुरकुरत का होईना, वही उघडतात. हजेरी तेवढ्यात घ्या.