तळणाचं तेल पुन्हा पुन्हा वापरताय? या चुका टाळा

चाकरमानी गणपतीला आले की आमच्याकडे सगळ्यात मोठी कढई निघते, आणि पहिली चूक तिथेच होते. दीड लिटर तेल ओतायचं, त्यात आज तळणीचे मोदक, उद्या काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर वडे, परवा भजी. तेल खाली गेलं की वरून नवं घालायचं. विसर्जनानंतर उरलेलं बरणीत, आणि मग महिनाभर फोडणीला. पुष्कळ वर्षं मीही हेच केलं. तेल महाग आहे, ओतून द्यायला हात धजत नाही.

तेल तापतं तेव्हा त्यात तीन गोष्टी एकदम चालतात. पदार्थातलं पाणी तेलाचे रेणू फोडतं, त्यातून मोकळी आम्लं सुटतात. हवेतल्या ऑक्सिजनमुळे अल्डिहाइडसारखे अपायकारक पदार्थ तयार होतात. शिवाय तुटलेले रेणू एकमेकांना चिकटून तेल दाट होतं. कढईच्या काठाला घासूनही न निघणारा पिवळट चिकट थर बसतो ना, तो हाच. या सगळ्या बिघाडाचं एक माप आहे, 'एकूण ध्रुवीय संयुगं'. ती २५ टक्क्यांवर गेली की ते तेल खाण्यासाठी वापरू नये, असा एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. हॉटेलवाल्यांना हे मोजायला हातात धरायचं यंत्र मिळतं. घरी नाक आणि डोळे.

तेल गाळलं की चांगलं झालं, असं समजू नका

गाळण्यानं जळका चुरा निघतो. तो काढायलाच हवा, कारण तो तेल आणखी बिघडवतो. पण तेलात विरघळलेलं काही गाळणीत अडकत नाही. बटाट्याची फोड तळून तेल 'साफ' करण्याचंही तेच: वास थोडा कमी येतो, बाकी सगळं जागच्या जागी. जुन्यात नवं ओतणं तर सगळ्यात वाईट, नवंही लवकर खराब होतं.

खोबरेल धुरावर नेऊ नका

इथे आमच्या लोकांना राग येतो. घाण्याचं खोबरेल हवेनं सहज बिघडत नाही हे खरं, त्यातली जवळपास ९० टक्के चरबी संपृक्त (सॅच्युरेटेड) असते आणि तिच्यावर ऑक्सिजनचा परिणाम कमी होतो. पण ते साधारण १७५ अंशांना धुरायला लागतं आणि वडा फुगायला तेवढीच आच लागते. म्हणजे हाताशी काही उरतच नाही. घावन्याच्या काविलथ्याला, म्हणजे तव्याला, खोबरेल फिरवा, माशाच्या कालवणावर कच्चं सोडा. कढईभर तळणासाठी रिफाइंड शेंगदाणा तेल बरं. तेल कुठलंही असो, धूर निघाला की लगेच आच कमी करा आणि खिडकी उघडा. कडक आचेवरच्या तळणाच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 'बहुधा कर्करोगकारक' गटात घातलंय, आणि तो जातो चुलीपुढे उभ्या असलेल्या बाईच्याच छातीत.

मासळी तळलेलं तेल जपून ठेवू नका

बांगडा तळताना त्याची स्वतःची चरबी तेलात उतरते, ती फार लवकर खवट होते. बोंबलात पाणी भरपूर, म्हणून पाट्याखाली दाबून ते काढल्याशिवाय तव्यावर टाकू नका. वरचा रवा, हळद, तिखट तळाशी जळतं ते वेगळंच. तव्यावर मुळात दोन चमचे तेल घ्या, उरलं तर टाका. त्याची फोडणी नको.

आता, अशा पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातला एक वडा खाल्ल्यानं कोणी आजारी पडत नाही. घसा धरतो, छातीत जळजळ होते, एवढंच. प्रश्न रोजच्या खाण्याचा आहे. वारंवार तापवलेलं तेल दिलेल्या उंदरांचा रक्तदाब वाढला, रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा झाली, असं प्रयोगांत दिसलंय. माणसांवर इतके नेमके प्रयोग झालेले नाहीत, पण घरात बीपी किंवा हृदयाचा रुग्ण असेल तर मी तरी वाट बघणार नाही.

तेल टाकायचं केव्हा? फेस येऊन बसत नसेल, नेहमीपेक्षा कमी आचेला धूर येत असेल, बोटाला चिकटत असेल, खवट वास येत असेल, यांतलं एकही पुरे. नुसत्या रंगावर जाऊ नका, हळदीनं चांगलं तेलही गडद दिसतं. मोरीत मात्र ओतू नका, पाइप तुंबतो. जुन्या वर्तमानपत्रात शोषून कचऱ्यात घाला.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्ला असा: एकदा तळलेलं तेल गाळून कालवण-भाजीला वापरा, एक-दोन दिवसांत संपवा, पुन्हा तळायला नको. तेवढं दोन दिवसांत संपायचं तर मुळात कमी ओतायला हवं. म्हणून गेल्या गणपतीपासून मी लहान, खोल बुडाची कढई काढते. पाव लिटर तेल, एका वेळी दोन वडे. पंगत खोळंबते आणि 'वयनी, वडे खंय?' अशी हाक येते. शेवटी वाटीभर तेल उरतं, ते दुसऱ्या दिवशीच्या उसळीत संपतं.