तळणीच्या तेलाला खवट वास येतोय? या चुका टाळा

तेल तापलं की हवेतला ऑक्सिजन त्यातल्या स्निग्धाम्लांशी (फॅटी अॅसिडांशी) जोडला जातो आणि हायड्रोपेरॉक्साइडं नावाची अस्थिर संयुगं तयार होतात. तळणीच्या आचेवर ती टिकत नाहीत, फुटतात आणि त्यातून आल्डिहाइडं, म्हणजे वास देणारी संयुगं, हवेत उडतात. लिनोलिक आम्ल या स्निग्धाम्लापासून होणारं २,४-डेकाडायेनल हे आल्डिहाइड थोडं असलं तर चकलीला खमंग वास येतो. ते वाढलं, जोडीला हेक्झानल हे दुसरं आल्डिहाइड साठलं, की तोच वास खवट लागतो. सोयाबीन तेलात लिनोलेनिक आम्लही असतं, म्हणून ते बिघडलं की मासळीसारखा वास मारतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे तेल धुरावेपर्यंत तापवणं. त्या धुराने घशाला ठसका लागतो आणि डोळे चुरचुरतात, ते मुख्यतः त्यातल्या अॅक्रोलिन या झोंबणाऱ्या आल्डिहाइडमुळे. थर्मामीटर ठेवा, १७० ते १८० अंश सेल्सिअस पुरे. पीठ मळायचं बाकी असताना कढई चढवू नका. दोन घाण्यांमध्ये खंड पडला तर आच बारीक करा, कारण रिकामं तापणारं तेलही बिघडतच असतं.

जुन्या तेलात ताजं ओतून 'निभावणं' हीसुद्धा चूकच. जुन्यातले मुक्त मूलक (फार क्रियाशील कण) नव्या तेलात ऑक्सिजन जोडला जाण्याची तीच साखळी सुरू करतात, आणि ताजंही लवकर वाया जातं.

तळाशी बसलेला चुरा दर घाण्यानंतर बारीक जाळीच्या झाऱ्याने काढा. तो जळून तेल काळवंडतं. पदार्थ निथळून, पुसून सोडा. तांब्या-पितळेची कढई तळणीला नकोच, तांबं ऑक्सिडीकरणाला जोर देतं. साध्या सूर्यफूल तेलापेक्षा शेंगदाणा तेल जास्त तग धरतं, कारण त्यात ऑक्सिजनशी सहज न जोडलं जाणारं ओलिक आम्ल अधिक असतं.

उरलेलं तेल कोमट झाल्यावर मलमलच्या फडक्यातून गाळा आणि स्टीलच्या डब्यात काठोकाठ भरून अंधारात ठेवा. पुन्हा तळायला न घेता एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा.

फरसाण करणाऱ्यांनी पेरॉक्साइड मूल्यावर, म्हणजे तेलातल्या पेरॉक्साइडांच्या मोजमापावर, विसंबू नये. गरम तेलात पेरॉक्साइडं फुटून गेलेली असतात, त्यामुळे खराब तेलाचा आकडाही कमी येऊ शकतो. एकूण ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल बिघडताना त्यात साठत जाणारी संयुगं, मोजा. १ जुलै २०१८ पासून त्यांची कायदेशीर मर्यादा २५ टक्के आहे. मोजायचं साधन नसेल तर खूण फेसाची: पदार्थ बाहेर काढल्यावरही बारीक फेस विरत नसेल, तेल चिकट झालं असेल, नेहमीच्या आचेवरच धूर येत असेल, तर ते तेल टाकून द्या.