घरी सांगण्याआधी तबला लावून घे

आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती ताटात कोथिंबीर निवडत बसली होती. तीन दिवस पाठ केलेलं वाक्य मी म्हणून टाकलं, "आई, मला मुलं आवडतात." मान वर न करता ती म्हणाली, "मग लग्न कर की. लग्नाबिगर कुठली मुलं?"

मी उठलो, तांब्याभर पाणी प्यायलो आणि रात्रीच्या गाडीनं पुण्याला परत आलो. पुढचा प्रयत्न करायला आठ महिने गेले.

तूही माझ्यासारखाच गाण्याबजावण्यातला आणि घरी सांगायचं ठरवत असशील, तेव्हा पहिली सूचना हीच : वाक्य आधी तपासून घे. मराठीत 'मुलं' म्हणजे पोरंबाळं. 'मी वेगळा आहे' म्हणालास तर घरचे म्हणतील, कलाकार वेगळेच असतात. 'गे' हा शब्द माझ्या आईला 'अगं'सारखा ऐकू येतो. 'समलिंगी' हा बातम्यांतला शब्द आहे, पण नेमका आहे. तो वापर आणि त्याला लागून एक साधं वाक्य जोड. माझं शेवटी असं ठरलं : "ताईला दाजींबद्दल जसं वाटतं, तसं मला पुरुषाबद्दलच वाटतं. बाईबद्दल कधी वाटलं नाही आणि वाटणार नाही." यातून लग्नाचा अर्थ कुणालाच काढता आला नाही.

मी तबला वाजवतो. गाव मिरज. वडील, म्हणजे अण्णा, एसटीच्या वर्कशॉपात होते आणि गुरुवारी भजनात ठेका धरायचे. माझा पहिला तबला त्यांनी दिवाळीच्या बोनसातून घेतला. मी विशारद झालो त्या दिवशी त्यांनी गल्लीत प्रत्येक दारात जाऊन पेढे दिले, ज्यांच्याशी बोलणं बंद होतं त्यांच्याही. त्यामुळे माझी भीती माराची किंवा घराबाहेर काढण्याची कधीच नव्हती. पेढे वाटणाऱ्या त्या माणसाचा चेहरा पडेल, एवढीच होती. आणि ती मारापेक्षा मोठी असते, कारण मार चुकवता येतो.

आपल्या लोकांना आणखी एक भीती असते. घरचे दोष संगीताला देतील. 'गाण्याबजावण्याच्या नादी लागला आणि बिघडला' हे वाक्य आपल्याकडे तयारच असतं. माझ्या चुलत्यांनी पुढे अगदी तेच म्हटलं. त्याचं उत्तर आधी तयार ठेव. माझं उत्तर : सातवीत, तबल्याला हात लावायच्या आधीपासून मला हे माहीत होतं. तुझ्याबाबतीत खरं असेल ते सांग, पण साल-इयत्तेसकट सांग. घरच्यांना तारीख पटते, तत्त्वज्ञान पटत नाही.

आता प्रेमाकडे येऊ, कारण बहुतेकांना घरी सांगावंसं वाटतं ते कुणीतरी भेटल्यावरच.

आपल्याच गुरूंच्या शिष्यांत प्रेम शोधू नकोस. मी शोधलं. तो गायचा, मी साथीला बसायचो, रियाजानंतर दोघं तळजाईच्या टेकडीवर फिरायला जायचो. सात महिन्यांनी मोडलं. मोडण्याचं दुःख असतंच, पण त्यानंतर तीन आठवड्यांनी दिवाळी पहाट होती आणि तिची साथ मी आधीच घेतली होती. पहाटे पाच वाजता, मोगऱ्याचे गजरे माळलेल्या चारशे लोकांसमोर, त्याच माणसाच्या तोंडाकडे बघत समेवर यायचं. गायकाकडे न बघता साथ करता येत नाही. विचार कर.

ॲपवर जाणार असशील तर तबल्यासोबतचा, सतारीसोबतचा, स्टेजवरचा फोटो लावू नकोस. शास्त्रीय संगीताचं पुणं म्हणजे चार पेठा आणि दोन टेकड्या. कोण कुणाला ओळखतं हे त्यांनाही माहीत नसतं. पहिली भेट दिवसा, गर्दीच्या जागी. खोटी प्रोफाइल लावून बोलावायचं, चोरून व्हिडिओ काढायचा आणि पैसे मागायचे, असल्या टोळ्या असतात. कुणी धमकावलं तर एक रुपयाही देऊ नकोस. एकदा दिलास की दर महिन्याला बिदागी सुरू. चॅट पुसू नकोस, स्क्रीनशॉट काढ आणि पोलिसांत जा. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ मधून दोन सज्ञान माणसांचा संमतीचा संबंध वगळला. तू गुन्हेगार नाहीस, खंडणी मागणारा आहे. पोलीस ठाण्यात एकटा मात्र जाऊ नकोस, कुणीतरी सोबत ने.

मला माझा आत्ताचा जोडीदार जंगली महाराज रस्त्यावर एका अमृततुल्यमध्ये भेटला. चाकणला कारखान्यात क्वालिटीचं काम बघतो, म्हणजे दिवसभर लोकांच्या चुका काढतो. संगीतात शून्य. पहिल्या कार्यक्रमाला आला आणि तबला स्वरात लावत होतो तेव्हाच टाळ्या वाजवल्या. 'छान सुरुवात केलीस' म्हणाला. मी ठरवलं, हाच. ज्याला माझा कायदा, म्हणजे तबल्यावरची बोलांची रचना, कळत नाही तो मला कायद्यावरून जोखणार नाही, हा माझा हिशोब होता आणि तो अजून तरी चुकलेला नाही.

घरी सांगायची तयारी वेगळी आणि रुक्ष असते. ती टाळू नकोस.

पैसे आधी. घरच्या पैशावर शिकत असशील तर थांब. थांबण्यात भेकडपणा नाही. तीन महिन्यांचं भाडं आणि जेवण निघेल एवढी रक्कम स्वतःच्या खात्यात हवी. आपलं उत्पन्न हंगामी असतं : गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट, मग लग्नसराई, जून-जुलैत फक्त शिकवण्या. म्हणून हिशोब दिवाळीनंतर कर. आधार, मार्कलिस्ट, पासपोर्ट स्वतःजवळ ठेव. आणि वाद्य. हे कुणी सांगत नाही. भांडण झालं तर कपडे नवे घेता येतात, पण हाताला बसलेला डग्गा, जोडीतला डाव्या हाताचा, गावच्या माळ्यावर अडकला की तुझा रोजगार अडकला. मी जाताना जोडी पुण्यात मित्राच्या खोलीवर ठेवूनच गेलो.

मग माणसं. तबल्याचा सूर उतरला की आपण गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या (वरच्या कातड्याच्या) काठच्या चामडी वेणीवर, हातोडी मारतो. या वेणीचे सोळा भाग म्हणजे घरं. पण एका घरानंतर लगेच शेजारच्या घरावर नाही. एका घराला ठोकलं की समोरच्या घराला जातो. सोळा घरं अशी समोरासमोर लावत आणली की पुडी सगळीकडून सारखी ताणली जाते. एकाच बाजूनं ठोकत गेलास तर तिकडे चढते आणि इकडे पडते. घरात सांगतानाही मी हेच केलं. आधी ताई. मग थेट दुसऱ्या टोकाची आत्या, जिच्याशी ताईचं पटत नाही. मग आई. अण्णा शेवटी. प्रत्येक वेळी पुढच्या माणसाला धरायला आधीच कुणीतरी जागेवर होतं. आई रडायला लागली तेव्हा आत्या म्हणाली, "वहिनी, पोरगं जितं आहे, कमावतंय. कशाला सुतक धरायलाय?" हे वाक्य मी म्हणालो असतो तर कानाखाली बसली असती.

वेळ निवडताना कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सांगू नकोस, हात थरथरतात. सणाला नको, नाहीतर दरवर्षी गौरी आल्या की तीच आठवण येणार. रात्री नको, कारण रात्री कुणाकडेच जाता येत नाही. मी पुण्याहून दुपारची कोयना एक्सप्रेस धरली, संध्याकाळी पोचलो, त्या दिवशी काहीच बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहानंतर सांगितलं. परतीचं तिकीट त्याच दुपारचं होतं, पण घरच्यांनी राहा म्हटलं असतं तर रद्द करायची तयारी होती. नाही म्हणाले.

एका दिवशी एकच गोष्ट. 'मी असा आहे' आणि 'हा माझा जोडीदार' ही दोन्ही वाक्यं एकाच बैठकीत आली की सगळा राग त्या दुसऱ्या माणसावर जातो. 'त्यानंच नादाला लावलं.' माझ्या आणि त्याच्या वाक्यात मी पाच महिने ठेवले. त्याला ते आवडलं नाही. दर रविवारी 'मी अजून आहे का नाही?' असं विचारायचा. ते भांडण मला चाललं.

प्रश्न ठराविक येतात. डॉक्टरचा येतोच. 'मिरजेत एवढे दवाखाने, एखाद्याला दाखवू की.' हे टोमणा म्हणून नसतं. मिरजेची माणसं प्रत्येक गोष्टीवर आधी दवाखाना काढतात. मी शांतपणे सांगितलं : जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये हा आजार नाही असं जाहीर केलं. आणि 'बदलून देतो' म्हणणारा डॉक्टर २०२२ पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या लेखी गैरवर्तन करतो. अण्णा वर्कशॉपातले. त्यांना सर्क्युलर म्हटलं की कळतं. "आयोगाचं आहे म्हणतोस?" एवढंच म्हणाले. अंगारा-धुपाऱ्याची गोष्ट निघाली तर मात्र वाद घालू नकोस. अंगारा लावून घे, उपचाराच्या नावाखाली कुठं घेऊन जायला लागले तर नकार दे.

दुसरा प्रश्न, 'म्हातारपणी कोण बघणार?' हा सगळ्यात खरा प्रश्न आहे आणि त्याला भावनेनं उत्तर देऊ नये. आपल्याकडे लग्न नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं तो हक्क मान्य केला नाही, हे घरच्यांपासून लपवू नकोस. पण ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या अर्थ मंत्रालयानं स्पष्ट केलंय की संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही. मृत्युपत्र करता येतं. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही, पण करून ठेवलेली बरी. आम्ही तिन्ही केलं. पासबुकावर दोन नावं बघून अण्णांनी चष्मा पुसला आणि व्याजदर विचारला.

तिसरा, 'लोक काय म्हणतील'. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. मी म्हणालो, "गल्लीत काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, मी मोडणार नाही." त्यांनाही सांगण्या-न सांगण्याचा तोच पेच पडतो जो आपल्याला वीस वर्षं पडला होता. त्यांना दोन दिवसांत सोडवायला लावणं बरं नाही.

स्वतःचं मन उतरलं तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे, फुकट, मराठीत बोलता येतं. आपल्यासारख्यांशी बोलायचं असेल तर मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून आहे, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला. खिऱ्यांनी या विषयावर मराठीतून भरपूर लिहून ठेवलंय, आणि आईच्या हातात द्यायला मराठीच लागतं.

सांगून झाल्यावर जो काळ येतो त्याची तयारी माझी नव्हती. मला वाटलं होतं, एकतर स्वीकारतील नाहीतर हाकलतील. अण्णांनी दोन्ही केलं नाही. ते कार्यक्रमांबद्दल विचारेनासे झाले. आधी प्रत्येक कार्यक्रमानंतर फोन यायचा : कोण गायलं, सूर कुठला होता, लोक किती. तो फोन चार महिने आला नाही. आई बोलायची, मागून टीव्हीचा आवाज यायचा, म्हणजे अण्णा तिथंच असायचे. मी तरी दर कार्यक्रमानंतर त्यांना व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाकत राहिलो. काळी एक. लोक दीडशे. पाऊस होता. निळ्या खुणा व्हायच्या, उत्तर नसायचं. तूही असं काहीतरी चालू ठेव. माफी मागू नकोस, समजावू नकोस, नेहमीची खबर फक्त देत राहा. पाचव्या महिन्यात उत्तर आलं : 'पावसात पुडी उतरली असंल.'

गेल्या वर्षी ते डोळे तपासायला पुण्यात आले. मुक्काम आमच्याकडेच, कारण लॉजचे पैसे देणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. त्या संध्याकाळी सदाशिव पेठेत माझी साथ होती. निघताना तो नेहमीसारखा डग्गा घ्यायला वाकला आणि वरच्या वादीत, म्हणजे पुडी ताणून धरणाऱ्या चामड्याच्या पट्टीत, बोटं अडकवून उचलायला लागला. अण्णा दारातून ओरडले, "अरे ए, वादीला धरून उचलतात व्हय? बुडाखाली हात घाल." दोन दिवसांत ते त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

यंदा उरुसाला तो माझ्यासोबत मिरजेला आला. शेजारच्या काकांनी विचारलं, हे कोण? आई आत निघून गेली. अण्णा म्हणाले, "पुण्याचं पोरगं आहे. ह्याच्या डग्ग्याचं बघतो."

परतीच्या गाडीत मी त्याला म्हणालो, वाईट वाटून घेऊ नको. तो म्हणाला, चाकणच्या कंपनीत माझं पद याच्याहून खालचं आहे.